गणितातील प्रत्युदाहरण : स्वरूप आणि अध्यापन

गणिताच्या उत्तरपत्रिका तपासताना एका प्रकारचे उत्तर हमखास समोर येते. प्रश्नात 'सिद्ध करा' असे म्हटलेले असते. विद्यार्थी क = १, २, ३ अशा किमती घालून पाहतो, प्रत्येक वेळी विधान खरे ठरते आणि खाली 'म्हणून विधान सिद्ध झाले' असे लिहून तो मोकळा होतो. याच्या नेमका उलट प्रकारही आढळतो. 'विधान सत्य की असत्य ते सकारण सांगा' या प्रश्नाला एखादी विद्यार्थिनी एकच अचूक उदाहरण देते व 'असत्य' असे लिहिते. परीक्षक 'कारण अपुरे' असा शेरा मारून निम्मे गुण कापतात. पहिल्या उत्तरात काहीच सिद्ध झालेले नसते. दुसरे उत्तर मात्र पूर्ण असते, त्यात भर घालण्यासारखे काही उरलेले नसते. तरीही कित्येकदा दोघांना सारखेच गुण पडतात. गणितातील सर्वसामान्य विधान म्हणजे काय आणि ते कशाने खोटे ठरते, याविषयी शिक्षकाचीच कल्पना स्पष्ट नसेल तर हा अन्याय वर्षानुवर्षे चालू राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

शितावरून भाताची परीक्षा

व्यवहारात माणूस थोड्या उदाहरणांवरून नियम बांधतो आणि बहुधा त्याचे चुकत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका पातेल्यातली सगळी शिते एकाच आचेवर शिजलेली असतात. गणितातील संख्या मात्र एका पातेल्यातल्या नसतात. प्रत्येक संख्येचा स्वभाव वेगळा असू शकतो, आणि त्या अनंत आहेत. म्हणून 'सर्व क साठी अमुक गुणधर्म असतो' असे विधान केले की ते अपवादाला जागा ठेवत नाही. लाखभर उदाहरणांनी ते सिद्ध होत नाही, पण एका विरुद्ध उदाहरणाने ते कायमचे खोटे ठरते. अशा उदाहरणाला प्रत्युदाहरण म्हणतात.

विद्यार्थ्याला हे पचनी पडत नाही, याचे एक कारण त्याने शाळेत शिकलेल्या इतर विषयांत आहे. व्याकरणात नियमापाठोपाठ अपवादांची यादी असते आणि अपवाद असूनही नियम टिकून राहतो. 'अपवादाने नियम सिद्ध होतो' हे वाक्य तर सर्रास ऐकू येते. 'सर्व मूळ संख्या विषम असतात' हे विधान २ या संख्येमुळे खोटे आहे असे सांगितल्यावर विद्यार्थी सहज म्हणतो, 'सर, तो एक अपवाद सोडला तर बरोबरच आहे ना?' त्याचे म्हणणे टाकाऊ नाही. अपवाद विधानातच नोंदवून '२ खेरीज सर्व मूळ संख्या विषम असतात' असे लिहिले की विधान खरे होते. परंतु ते नवे विधान आहे. जुने विधान खोटेच राहिले. हा भेद पहिल्याच तासाला स्पष्ट केला पाहिजे.

दुसरी अडचण भाषेची आहे आणि मराठीतून शिकवणाऱ्यांनी तिची विशेष दखल घेतली पाहिजे. 'सर्व मूळ संख्या विषम असतात' याचा नकार काय, असे विचारले तर विद्यार्थी लिहितो, 'सर्व मूळ संख्या विषम नसतात.' या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, काही मूळ संख्या विषम नाहीत. दोन, एकही मूळ संख्या विषम नाही. पहिला अर्थ खरा आहे, दुसरा साफ खोटा आहे. यातून सुटण्याची सोय मराठीतच आहे, ती म्हणजे 'च' हे अव्यय. 'सर्वच मूळ संख्या विषम नसतात' असे म्हटले की अर्थ निःसंदिग्ध होतो: निदान एक तरी अशी आहे जी विषम नाही. प्रत्युदाहरण देऊन नेमके हेच दाखवायचे असते. 'कोणतीही' या शब्दाचेही तसेच आहे. 'कोणतीही सम संख्या घ्या' यातील 'कोणतीही' म्हणजे सर्व, तर 'कोणतीही एक संख्या घेऊन पडताळा पाहा' यातील 'कोणतीही' म्हणजे मनाला येईल ती एक. पाठ्यपुस्तकात हे दोन्ही प्रयोग शेजारीशेजारी येतात. मग 'कोणत्याही क साठी सिद्ध करा' याचा अर्थ विद्यार्थ्याने 'आवडीचा एक क घ्या' असा लावला, तर दोष सर्वस्वी त्याचा म्हणता येणार नाही.

पक्ष पाळणारे, साध्य मोडणारे

भूमितीच्या प्रमेयात पक्ष आणि साध्य हे शब्द शाळेपासून परिचित आहेत. तेच येथे उपयोगी पडतात. प्रत्युदाहरणाने पक्षातील प्रत्येक अट पाळली पाहिजे आणि साध्य मोडले पाहिजे. विद्यार्थ्यांच्या बहुतेक चुका या वाक्याच्या पहिल्या निम्म्या भागात होतात.

एक विधान घेऊ: 'क ही मूळ संख्या असेल तर २ चा क वा घात वजा १ ही मूळ संख्या असते.' क = २, ३, ५, ७ साठी उत्तरे ३, ७, ३१, १२७ अशी येतात. चारही मूळ संख्या आहेत. आता एखादा विद्यार्थी म्हणतो, 'क = ४ घेतले तर १५ येते आणि १५ ही मूळ संख्या नाही, म्हणून विधान खोटे.' त्याचा निष्कर्ष बरोबर आहे, पण कारण चुकीचे आहे. ४ ही मूळ संख्याच नसल्याने विधान तिच्याविषयी काही बोलतच नाही. खरे प्रत्युदाहरण क = ११ येथे मिळते: २ चा ११ वा घात २०४८, त्यातून १ वजा केल्यावर २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. निष्कर्ष जुळला म्हणून पहिल्या उत्तराला पूर्ण गुण देणारे शिक्षक विद्यार्थ्याचे नुकसान करतात, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

'दोन अपरिमेय संख्यांची बेरीज अपरिमेय असते' या विधानासाठी √२ आणि −√२ पुरेत, बेरीज ०. 'ज्या चौकोनाचे कर्ण समान लांबीचे असतात तो आयत असतो' या विधानाला समद्विभुज समलंब चौकोन खोटे पाडतो. येथे विद्यार्थी आकृती काढून थांबतो. आकृतीतील कर्ण समान का आहेत, म्हणजेच पक्ष पाळला गेला आहे हे तो दाखवत नाही. प्रत्युदाहरण लहान असले तरी तीही एक सिद्धताच आहे आणि तिच्या दोन्ही बाजू लिहिल्या गेल्या पाहिजेत.

प्रत्युदाहरणाची मर्यादाही येथेच सांगावी. 'अशी एक तरी संख्या आहे की…' या प्रकारच्या अस्तित्वदर्शक विधानाला ते लागू पडत नाही. चार-दोन संख्यांना तो गुणधर्म नाही असे दाखवून काहीच साधत नाही. तेथे सर्व शक्यता निकालात काढाव्या लागतात.

किती पडताळे पाहिले म्हणजे पुरे?

वर्तुळावर बिंदू घेऊन ते एकमेकांना रेषाखंडांनी जोडले आणि तीन जीवा आत एका बिंदूत छेदणार नाहीत अशी काळजी घेतली, तर वर्तुळाचे किती भाग पडतात? एका बिंदूला १, दोनांना २, तीनांना ४, चारांना ८, पाचांना १६. पुढचे उत्तर ३२ असे सारा वर्ग एका सुरात सांगतो. मोजले तर ३१ भरतात. हा प्रयोग फळ्यावर दहा मिनिटांत होतो आणि त्याचा परिणाम कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक टिकतो.

लेओनार्ड ऑयलर याने १७७२ साली दिलेली राशी प्रसिद्ध आहे: क चा वर्ग + क + ४१. क = ० पासून ३९ पर्यंत सलग चाळीस किमतींना मूळ संख्या मिळतात. चाळीस पडताळे पाहण्याइतका धीर किती विद्यार्थ्यांना असतो? पण क = ४० घेतल्यावर ४० × ४१ + ४१ म्हणजे ४१ × ४१ = १६८१ मिळते. क = ४१ घेतले तर आकडेमोडही नको, तिन्ही पदांना ४१ ने भाग जातो हे नजरेनेच दिसते. प्रत्युदाहरण शोधणे म्हणजे अंधारात चाचपडणे नव्हे. राशीची घडण पाहिली की ती कुठे मोडेल याचा अंदाज येतो. किमती एकामागून एक घालत बसण्यापेक्षा ही सवय अधिक मोलाची आहे.

३१, ३३१, ३३३१ अशा क्रमाने ३,३३,३३,३३१ पर्यंतच्या सर्व संख्या मूळ आहेत. त्यानंतरची ३३,३३,३३,३३१ ही १७ × १,९६,०७,८४३ अशी फुटते.

थोरांचीही यातून सुटका झालेली नाही. पिएर द फेर्मा याने सतराव्या शतकात ३, ५, १७, २५७, ६५५३७ या संख्यांकडे पाहून असे मानले की २ च्या घातांकात पुन्हा २ चा घात ठेवून त्यात १ मिळवला तर नेहमी मूळ संख्याच येते. वरील पाचही मूळ आहेत. सहावी संख्या ४,२९,४९,६७,२९७ ही ६४१ × ६७,००,४१७ अशी फुटते, हे ऑयलरने १७३२ साली दाखवले. गुणाकार करून पाहणे आज कोणत्याही विद्यार्थ्याला शक्य आहे.

जॉर्ज पोल्या याच्या १९१९ च्या अंदाजाची गोष्ट याहून बोलकी आहे. १ पासून एखाद्या मर्यादेपर्यंतच्या संख्या घ्याव्यात आणि प्रत्येकीचे मूळ अवयव, पुनरावृत्ती धरून, मोजावेत. १ ला एकही मूळ अवयव नाही म्हणून तिची गणना सम गटात करावी. मर्यादा २ किंवा अधिक असेल तर ज्यांच्या अवयवांची संख्या विषम आहे त्या निम्म्याहून कमी कधीच नसतात, असा तो अंदाज होता. हॅझेलग्रोव्ह याने १९५८ साली तो खोटा असल्याचे सिद्ध केले, तेही प्रत्यक्ष संख्या हाती न देता. म्हणजे प्रत्युदाहरण आहे एवढे कळले, कुठे आहे ते कळले नाही. सर्वात लहान प्रत्युदाहरण ९०,६१,५०,२५७ हे असल्याचे १९८० साली तानाका याने दाखवले. नव्वद कोटींपर्यंत एकही अपवाद न सापडणारे विधानही खोटे असू शकते.

छत्तीस अधिकारी

महाविद्यालयीन वर्गात सांगण्यासाठी सर्वात चांगले उदाहरण कोणते, असे विचारले तर ऑयलरच्या चौरसांचे नाव घ्यावे लागेल. त्याच्याशी एका मराठी गणितज्ञाचे नाव कायमचे जोडले गेले आहे, हे त्याचे एक कारण. मात्र कथा मुळातच भक्कम आहे.

सहा पलटणी आहेत, प्रत्येकीतून सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचा एकेक असे छत्तीस अधिकारी निवडले. त्यांना ६ × ६ च्या चौरसात असे उभे करायचे की प्रत्येक आडव्या ओळीत आणि प्रत्येक उभ्या रांगेत प्रत्येक पलटणीचा एक आणि प्रत्येक हुद्द्याचा एक अधिकारी असेल. जमेल का? तीन पलटणी आणि तीन हुद्दे असतील तर जमते. पलटणींना अ, आ, इ आणि हुद्द्यांना १, २, ३ म्हटले तर मांडणी अशी होते:

अ१ आ२ इ३
आ३ इ१ अ२
इ२ अ३ आ१

प्रत्येक ओळीत व रांगेत तिन्ही अक्षरे आणि तिन्ही अंक आहेत, आणि नऊच्या नऊ जोड्या वेगळ्या आहेत. अशा मांडणीला ग्रीक-लॅटिन चौरस म्हणतात. २ × २ चा असा चौरस होत नाही, हे विद्यार्थी दोन मिनिटांत पडताळून पाहू शकतो. पहिल्या ओळीत अ१, आ२ ठेवले की दुसऱ्या ओळीत आ आणि अ, तसेच २ आणि १ याच क्रमाने यावे लागतात, आणि त्याच जोड्या पुन्हा येतात.

ऑयलरने १७८२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात विषम आकाराचे आणि ४ ने भाग जाणाऱ्या आकाराचे चौरस तयार करण्याच्या रीती दिल्या. उरल्या त्या ४ ने भागल्यावर बाकी २ उरणाऱ्या संख्या: २, ६, १०, १४, १८ इत्यादी. २ ला जमत नाही, ६ ला खटपट करूनही जमले नाही. त्यावरून यांपैकी कोणत्याच आकाराला असा चौरस नाही, असा अंदाज त्याने मांडला.

सहाची बाब फ्रान्समधील गास्तों तारी याने १९००च्या सुमारास निकालात काढली. त्यासाठी त्याला सगळ्या शक्यता गटवार तपासाव्या लागल्या. प्रमाण रूपात आणलेले ६ × ६ चे लॅटिन चौरसच ९,४०८ आहेत. 'असा चौरस नाही' हे विधान सिद्ध करण्याचा खर्च केवढा असतो, ते यावरून दिसते. २ आणि ६ या दोन्ही ठिकाणी ऑयलर बरोबर ठरला. पुढे १० वर मात्र सर्व शक्यता तपासणे हाताने शक्यच नव्हते. सामान्य अंदाजाच्या सिद्धताही छापून आल्या. पुढे त्यांत दोष आढळले.

१९५९ साली हे चित्र पालटले. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील राजचंद्र बोस आणि त्यांचे विद्यार्थी राहिलेले शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांनी २२ × २२ चा ग्रीक-लॅटिन चौरस तयार केला. २२ ला ४ ने भागल्यावर बाकी २ उरते, म्हणजे ऑयलरच्या म्हणण्याप्रमाणे तो अस्तित्वातच असायला नको होता. अर्नेस्ट पार्कर याने पाठोपाठ १० × १० चा चौरस दिला. मग तिघांनी मिळून दाखवले की २ आणि ६ सोडून या मालिकेतील प्रत्येक आकाराला असा चौरस असतो. २६ एप्रिल १९५९ च्या 'न्यू यॉर्क टाइम्स'ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे यांचा जन्म १९१७ साली मध्य प्रदेशातील सागर येथे झाला. त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुखपद भूषवले आणि २०२० साली, वयाची शंभरी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले. सागर, इंदूर, ग्वाल्हेर या परिसरातील मराठी शिक्षकांनी हे नाव वर्गात आवर्जून घ्यावे.

१० × १० चा एक चौरस पुढे दिला आहे. प्रत्येक घरातील पहिला अंक पलटणीचा आणि दुसरा हुद्द्याचा समजावा.

०० ४७ १८ ७६ २९ ९३ ८५ ३४ ६१ ५२
८६ ११ ५७ २८ ७० ३९ ९४ ४५ ०२ ६३
९५ ८० २२ ६७ ३८ ७१ ४९ ५६ १३ ०४
५९ ९६ ८१ ३३ ०७ ४८ ७२ ६० २४ १५
७३ ६९ ९० ८२ ४४ १७ ५८ ०१ ३५ २६
६८ ७४ ०९ ९१ ८३ ५५ २७ १२ ४६ ३०
३७ ०८ ७५ १९ ९२ ८४ ६६ २३ ५० ४१
१४ २५ ३६ ४० ५१ ६२ ०३ ७७ ८८ ९९
२१ ३२ ४३ ५४ ६५ ०६ १० ८९ ९७ ७८
४२ ५३ ६४ ०५ १६ २० ३१ ९८ ७९ ८७

हा चौरस फळ्यावर उतरवून वर्गाला पडताळायला द्यावा. दहा गट पाडले तर प्रत्येक गटाच्या वाट्याला एक ओळ आणि एक रांग येते. ०० ते ९९ या शंभर संख्या एकेकदाच आल्या आहेत हे सर्वांनी मिळून तपासावे. तो शोधायला जगातील गणितज्ञांना पावणेदोनशे वर्षे लागली, पण तपासायला अर्धा तास पुरतो आणि बेरीज-वजाबाकीही लागत नाही. प्रत्युदाहरण शोधणे आणि ते तपासणे यांतील एवढी तफावत दुसऱ्या कोणत्याही उदाहरणात इतकी ठळक दिसत नाही. विधान ऑयलरचे आहे म्हणून ते बरोबर असणार, हा युक्तिवाद त्या अर्ध्या तासात आपोआप बाजूला पडतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ऑयलरची चूक स्वतः तपासून पाहण्याची संधी गणितात मिळते, इतर फार थोड्या विषयांत मिळते.

त्याच वर्षी श्रीखंडे यांनी आणखी एक प्रत्युदाहरण दिले. चौरस जाळीतील घरे बिंदू मानून, एकाच ओळीतील किंवा एकाच रांगेतील घरे जोडली तर एक आलेख तयार होतो. त्याची आकडेवारी ठरावीक असते. तीच आकडेवारी असलेला दुसरा आलेख असू शकतो का? ४ × ४ सोडून अन्य आकारांत नसतो, असे श्रीखंडे यांनी सिद्ध केले. ४ × ४ ला मात्र सोळा बिंदूंचा एक वेगळा आलेख निघतो. तो आज जगभर 'श्रीखंडे आलेख' या नावाने ओळखला जातो.

खोटे ठरल्यानंतर काय?

प्रत्युदाहरण मिळाले की वर्गात विषय संपतो. 'असत्य' असे लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळतात. गणिताच्या इतिहासात खरे काम बहुधा तेथून सुरू झाले आहे.

ओग्युस्तँ कोशी याने १८२१ साली प्रसिद्ध केलेल्या पाठ्यपुस्तकात एक प्रमेय होते: संतत फलनांची अनंत श्रेढी अभिसारी असेल तर तिची बेरीजही संतत असते. सिद्धताही दिलेली होती. नील्स आबेल याने १८२६ साली साइन फलनांची एक श्रेढी पुढे केली: साइन क्ष, वजा साइन २क्ष चा निम्मा भाग, अधिक साइन ३क्ष चा तिसरा भाग, या क्रमाने. प्रत्येक पद संतत आहे आणि श्रेढी सर्वत्र अभिसारी आहे. क्ष हा −पाय आणि पाय यांच्या दरम्यान असेल तर बेरीज क्ष/२ येते. म्हणजे क्ष पायच्या जवळ जाईल तशी बेरीज पाय/२ च्या जवळ जाते. पण क्ष = पाय येथे प्रत्येक पदच शून्य असल्याने बेरीजही शून्य. आलेख तेथे तुटतो.

आता दोष कुठे आहे? पाठ्यपुस्तकातील प्रमेय आणि हे उदाहरण ही दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. सिद्धतेतील कोणत्या पायरीवर हे उदाहरण अडखळते, हे शोधताना १८४७ च्या सुमारास स्टोक्स आणि सायडेल यांना स्वतंत्रपणे उमगले की प्रत्येक बिंदूला श्रेढी अभिसारी आहे एवढे पुरेसे नाही. ती सर्व बिंदूंवर एकाच बरोबरीने अभिसारी व्हावी लागते. पदवीच्या अभ्यासक्रमातील 'एकसमान अभिसरण' ही संकल्पना या गरजेतून आकाराला आली. विद्यार्थ्याला ती व्याख्या आकाशातून पडल्यासारखी वाटते, कारण तिच्याआधी मोडलेले विधान त्याला दाखवलेलेच नसते. आबेलची श्रेढी आधी आणि व्याख्या नंतर, असा क्रम ठेवला तर व्याख्येतील शब्दांची गरज त्याला स्वतःलाच जाणवते.

अट वगळून पाहणे

'प्रत्युदाहरण' हा शब्द गणिताने संस्कृत व्याकरणाकडून घेतला आहे आणि त्याचा मूळ उपयोग शिक्षकांना मार्गदर्शक ठरेल असा आहे. पाणिनीच्या सूत्रांवरील 'काशिकावृत्ती'सारख्या टीकांमध्ये सूत्र लागू होते अशी उदाहरणे दिल्यावर सूत्रातील एकेक शब्द घेऊन, 'हा शब्द कशासाठी?' असे विचारले जाते. तो शब्द नसता तर नियम भलत्याच ठिकाणी लागू झाला असता, हे दाखवणारे जे उदाहरण तेथे देतात ते प्रत्युदाहरण होय. म्हणजे ते नियम पाडण्यासाठी नसून नियमातील प्रत्येक अटीची गरज दाखवण्यासाठी असते.

रोलचे प्रमेय या पद्धतीने शिकवून पाहण्यासारखे आहे. त्यात तीन अटी आहेत. फलन बंद अंतरालावर संतत असावे, आतील प्रत्येक बिंदूला अवकलनीय असावे आणि दोन्ही टोकांना त्याची किंमत समान असावी. मग आत कुठेतरी अवकलज शून्य होतो. बहुतेक विद्यार्थी या अटी पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत त्यांपैकी एखादी विसरतात. एकेक अट वगळून प्रत्युदाहरण मागितले तर चित्र बदलते. तिसरी अट वगळण्यासाठी ० ते १ वर क्ष हे फलन घेतले की काम होते, त्याचा अवकलज सर्वत्र १. दुसरी वगळण्यासाठी −१ ते १ वर क्ष चे केवल मूल्य घ्यावे. टोकांना किंमत १, मध्ये शून्यापाशी कोपरा, आणि अवकलज −१ किंवा १, शून्य कुठेच नाही. पहिली अट वगळताना वर्ग अडतो. आतील प्रत्येक बिंदूला अवकलनीय असलेले फलन संतत कसे नसेल, असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतात. आत ते संतत असतेच. म्हणून ते टोकाला मोडावे लागते: ० पासून १ च्या अलीकडे सर्वत्र क्ष, आणि १ येथे किंमत ०. दोन्ही टोकांना शून्य, आत अवकलज सर्वत्र १. 'बंद अंतरालावर संतत आणि खुल्या अंतरालावर अवकलनीय' अशी विचित्र वाटणारी शब्दयोजना प्रमेयात का आहे, ते या एका बिंदूवरून कळते.

गटसिद्धांतात लाग्रांजच्या प्रमेयाचा व्यत्यास तपासायला द्यावा. बारा घटकांच्या गटाला सहा घटकांचा उपगट असलाच पाहिजे असे विद्यार्थ्याला वाटते, कारण १२ ला ६ ने भाग जातो. चार वस्तूंच्या सम क्रमपर्यायांचा गट बारा घटकांचा आहे आणि त्याला सहा घटकांचा उपगट नाही. येथे प्रत्युदाहरण देण्यासाठी 'उपगट नाही' हे सिद्ध करावे लागते, म्हणून हे काम आधीच्यापेक्षा कठीण आहे आणि तृतीय वर्षासाठीच राखून ठेवावे.

गुणदानाच्या बाबतीत एक सोपा संकेत पाळता येईल. 'असत्य' या एका शब्दाला गुण अगदी थोडे असावेत. उदाहरण पक्ष पाळते हे दाखवण्याला निम्मे आणि ते साध्य मोडते हे दाखवण्याला निम्मे गुण द्यावेत. विधानात कमीत कमी कोणता बदल केला तर ते खरे होईल, असा एक उपप्रश्न जोडावा. 'दोन अपरिमेय संख्यांची बेरीज अपरिमेय असते' हे विधान दुरुस्त करताना कोणी 'एक परिमेय आणि एक अपरिमेय' असे लिहील, कोणी 'दोन भिन्न अपरिमेय संख्या' असे लिहील. दुसरी दुरुस्ती टिकते का, हे पाहण्यासाठी पुन्हा √२ आणि −√२ यांच्याकडेच जावे लागते, कारण त्या दोन भिन्नच आहेत.